जुनं रेडिएशन मीटर म्हणजे भंगार नव्हे

सरकारी संस्थांकडे जादा पडलेली रेडिएशन मोजायची यंत्रं अग्निशमन दलाला आणि आपत्ती पथकांना द्यावीत, अशी एक सूचना आहे. तिच्या विरोधात नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: नागपुरात अणुभट्टी नाही, ही यंत्रं शास्त्रज्ञांनाच कळतात, जुनी यंत्रं चुकीचे आकडे दाखवतात आणि त्यांच्यातूनच किरणोत्सार होतो.

अणुभट्टी नाही, हे खरं. पण २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत तरी कुठे होती? विद्यापीठातलं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचं उपकरण लिलावात भंगारवाल्याकडे गेलं आणि कामगारांनी ते फोडलं. एकाचा जीव गेला, आणखी सात जण भाजले, आजारी पडले. माणूस रुग्णालयात पोचला आणि डॉक्टरांना शंका आली, तेव्हा कुठे प्रकार उघडकीस आला. नागपुरातही कर्करोगावर किरणोपचार होतात आणि भंगाराची गोदामं तर ठिकठिकाणी आहेत. मोठ्या कारखान्यांत आणि वीज केंद्रांत वेल्डिंगचे सांधे तपासायला इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी पदार्थ वापरतात, ते रस्त्यानेच नेतात. अशा गोदामाला किंवा गाडीला आग लागली तर पहिला बंब महापालिकेचाच पोचणार. भाभा अणुसंशोधन केंद्र मुंबईत आहे. तिथली माणसं येईपर्यंतचे तास इथल्या जवानांनाच काढायचे आहेत.

शास्त्रज्ञ लागतात, हेही पटत नाही. बंबावरच्या जवानाला कुठला किरणोत्सारी पदार्थ आहे ते ओळखायचं नसतं, फक्त कुठे थांबायचं ते ठरवायचं असतं. बॅटरी तपासायची, सोबतच्या छोट्या चाचणी-स्रोताजवळ (मीटर तपासायला दिलेल्या किंचित किरणोत्सारी तुकड्याजवळ) धरून काटा हलतो का पाहायचं. मोकळ्या जागेत साधारण ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (किरणोत्साराची मात्रा मोजायच्या एककाच्या) आसपास आकडा येतो. मग मीटर कमरेच्या उंचीवर धरून पुढे सरकायचं. ताशी १०० मायक्रोसिव्हर्ट दिसले की तिथे दोरी बांधायची. आत जायचं ते जीव वाचवायलाच. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने घटनास्थळी सर्वांत आधी पोचणाऱ्या पथकांसाठी दोरी बांधायची हीच मर्यादा दिली आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमी, दोन्ही नागपुरातच असताना हे शिकवायला माणसं कुठून आणायची हा प्रश्न पडू नये.

जुनी यंत्रं चुकीचे आकडे दाखवतात, हा तिसरा मुद्दा मात्र मी गांभीर्याने घेतो, कारण तो अर्धा खरा आहे. बॅटरी गळलेली असते, केबल आतून तुटलेली असते. त्याहून वाईट म्हणजे काही गायगर मीटर (वायू भरलेल्या नळीने किरणोत्सार मोजणारी यंत्रं) अतितीव्र किरणोत्सारात गुदमरतात आणि कमी किंवा चक्क शून्य दाखवतात. जवान त्या शून्यावर विश्वास ठेवून आत जाईल. पण यात दोष वयाचा नाही, न तपासण्याचा आहे. दुकानातला तराजू वीस वर्षांचा असला तरी वैधमापनाचा शिक्का ताजा असेल तर आपण त्यावर धान्य घेतोच. मीटरचंही तसंच: दुरुस्ती, कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या किरणोत्साराशी आकडा जुळवून पाहणं), तारखेचं स्टिकर, आणि नापास झालेलं यंत्र बाद. शिवाय एका मीटरवर भागत नाही. तीव्र किरणोत्सारासाठी वेगळं, मोठ्या पल्ल्याचं यंत्रही हवं. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ऊर्जा खात्याची जादा उपकरणं अशीच दुरुस्त करून, कॅलिब्रेट करून स्थानिक दलांना फुकट दिली गेली आणि किरणसुरक्षेतल्या जाणकारांनी प्रशिक्षणाला हातभार लावला.

यंत्रातूनच किरणोत्सार होतो म्हणणं चूक आहे. गायगर नळीत वायू आणि उच्च दाबाची वीज असते, किरणोत्सारी काही नसतं. चाचणी-स्रोत असलाच तर तो अगदी क्षीण असतो.

मेसेजमध्ये जो प्रश्न यायला हवा होता, तो आलाच नाही. यंत्र फुकट मिळेल, पण ठरल्या मुदतीत पुन्हा कॅलिब्रेशनला पाठवायचा खर्च कोण करणार? महापालिकेच्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी तरतूद आधी व्हावी, आणि मगच यंत्रं ताब्यात घ्यावीत.