अंडं उभं की आडवं

नाचता येईना, अंगण वाकडं. मला चढ चढता येईना. पण माझं अंगण, म्हणजे माउंटन बाइकची पुढची चेनरिंग (पेडलपाशी चेन ओढणारं दातेरी चक्र), चांगली गरगरीत गोल होती. तिच्यावर वाकडेपणाचा आळ घ्यायला जागाच नव्हती. मग मी पैसे मोजून ती वाकडी करून घेतली.

हा किडा डोक्यात सोडला माझ्याबरोबर डोंगरात सायकल मारणाऱ्या मित्राने. हा माणूस चढावर बोलू शकतो, आणि माझा त्याच्यावरचा मूळ राग तोच आहे. सुट्या खडीच्या एका चढावर माझं मागचं चाक जागच्या जागी फिरलं, मी पाय टेकला, तेव्हा हा वरून म्हणाला, "तुझ्या पायात जोर आहे रे, पण नको तिथे जातोय." माझ्या पायात जोर आहे, हे मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं. पुढचं वाक्य ऐकायच्या आतच मी विरघळलो.

प्रकार असा. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आडवा असतो तेव्हा मांडीचा सगळा जोर पेडलवर उतरतो. एक पाय वर आणि एक तळाशी गेला की दोघेही क्षणभर एकमेकांच्या भरवशावर राहतात. या आळसाच्या जागेला म्हणतात डेड स्पॉट. ३२ दातांची ओव्हल, म्हणजे अंड्यासारखी लांबट, रिंग जोराच्या जागी ३४ दातांच्या रिंगसारखी जड होते आणि आळसाच्या जागी ३० सारखी हलकी. जो राबतो त्याच्या डोक्यावर आणखी ओझं, जो लोळतो त्याला सवलत. (ऑफिसात हे बरीच वर्षं बघतोय, पण त्याला शास्त्रीय आधार आहे हे माहीत नव्हतं.) दात मात्र ३२च. मी दोनदा मोजले. एका फेऱ्यात चेन पूर्वीइतकीच सरकते. म्हणजे लंबवर्तुळाचे पैसे दिले तरी गिअर आपला जुनाच.

ब्रॅडली विगिन्सने २०१२ ची टूर द फ्रान्स गोल नसलेल्या रिंगवर जिंकली, हे मी घरात जेवताना तीन दिवस सांगत होतो. चौथ्या दिवशी मुलीने विचारलं, "आणि त्याआधी तो हरायचा?" त्याआधी तो ऑलिम्पिक विजेता होता. ही माहिती मी घासाबरोबर गिळली.

रिंग आली. चार बोल्ट काढायचे, चार लावायचे, अर्ध्या तासाचं काम. पण या बोल्टांना मागून एक नट असतो आणि तो इतका एकनिष्ठ असतो की बोल्ट फिरवला की हाही त्याच्याबरोबर फिरतो. पुढून ॲलन की, मागून स्क्रूड्रायव्हर, मधे सायकल, आणि सायकलला कवटाळून बसलेला मी. तिसरा बोल्ट अचानक सुटला आणि ३२ दातांची पहिली ओळख माझ्या बोटांच्या पेरांना झाली. शिवाय या रिंगचे दात एक जाड, एक बारीक असे असतात. चेनच्या कड्याही एक रुंद, एक अरुंद. पत्रिका जुळवून बसवायच्या. एका घराची चूक झाली की चेन दातांत न उतरता दातांवर चढून बसते. माझी बसली.

पण अखेर जमलं, आणि त्यानंतरचा आठवडा हा माझ्या सायकल-जीवनातला सुवर्णकाळ. पेडल कसं लोण्यासारखं फिरतंय! गुडघ्यांना काय आराम! दिसेल त्याला मी हे सांगत सुटलो. सपाटीवर पायाला मधेच काहीतरी अडखळल्यासारखं व्हायचं, पण नव्या गोष्टीला पाय सरावावे लागतात, असं मीच स्वतःला समजावत होतो. आठवड्याने मित्र भेटला. त्याने क्रँक आडवा करून धरला, रिंगकडे बघितलं आणि म्हणाला, "अंडं झोपलंय."

क्रँक आडवा असताना अंडं उभं दिसायला हवं. माझं आडवं होतं. चार बोल्टांच्या रिंगचा हाच घात आहे. पाव फेरा चुकवून लावली तरी भोकं तंतोतंत जुळतात. रिंगवर त्यासाठी खूण असते. तिला मी नक्षी समजलो होतो. म्हणजे आठवडाभर मी जोराच्या जागी हलकं आणि आळसाच्या जागी जड असं पेडल मारत होतो, आणि त्याचीच आरती ओवाळत होतो.

"असं मुद्दाम करूनही झालंय," मित्राने जखमेवर फुंकर घातली. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोने १९८३ मध्ये बायोपेस नावाची रिंग काढली, ती साधारण अशीच उलटी. लोकांनी तिच्या नावाने बोटं मोडली आणि नव्वदच्या दशकात तिने गाशा गुंडाळला. एका जगप्रसिद्ध कंपनीचा फसलेला प्रयोग मी एकट्याने, घरच्या घरी, नकळत पुन्हा करून दाखवला होता.

पुन्हा बोल्ट, पुन्हा नट, पुन्हा पेरं. यावेळी अंडं उभं. आणि खरं सांगतो, दोन फेऱ्यांपुरतं विचित्र वाटलं, मग काहीच वाटेना. सुवर्णकाळात वाटायचं त्याच्या निम्म्यानेही काही वाटेना.

वाटत होतं ते बाकीच्यांना. ओव्हल रिंग फिरताना वरखाली उचंबळते आणि चेन ताणून धरणारा मागचा डिरेलर नंदीबैलासारखी मान डोलावतो. मागून येणारा प्रत्येक सज्जन हाक मारतो, "अहो, तुमचं चाक वाकलंय!" सुरुवातीला मी थांबून डेड स्पॉट समजावून सांगायचो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू करुणा उमटायची. आता मी "हो, उद्या करून घेतो" म्हणतो. शेजारच्या काकांना तर मी गेले दोन महिने हा उद्या देतोय. परवा मुलीच्या सायकलची सीट वर केली आणि ती बघायला एक चक्कर मारली. दर फेऱ्याला पायाखाली खड्डा आल्यासारखं होत होतं. "हिची रिंग वाकलीय," मी म्हणालो. तिने काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "बाबा, हीच गोल आहे."

त्याच चढावर परत गेलो. खडी तीच. मागचं चाक पूर्वी जिथे फिरायचं तिथे फिरलं नाही. चिकटून राहिलं, सरकत राहिलं. जुनी पाय टेकायची जागा मागे पडली. तिच्याही पुढे चांगला वीसेक फूट गेलो, आणि मग श्वास संपला म्हणून पाय टेकला.

वर मित्र उभा होता. "बघ, जोर आता बरोबर जागी जातोय," तो म्हणाला. "फक्त कमी आहे."

मी पाणी प्यायलो. तो माझ्या पायांकडे बघत होता.

"तुझा क्रँक १७५ मिलिमीटरचा ना?"

मी बाटलीचं झाकण लावलं आणि त्याच्याजवळ सरकलो.