किलोवॅटवीरांसाठी काही नम्र सूचना

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं, लायसन्स आलं का? अभिनंदन! कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं आपलं सरकारी नाव, गाडीच्या मागच्या काचेवर चिकटवून झाला असेल, डीपी बदलून झाला असेल, मावशीला "पोलिसांसारखा वायरलेस असतो ना तो" असं समजावूनही झालं असेल. आता पुढचं आमच्यासारख्या जुन्या खोडांनी सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही चुकून एखादं पुस्तक वाचायला घ्याल. मला स्वतःला हे ज्ञान गेल्या रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास फोर्टी मीटरच्या बँडवर, म्हणजे रेडिओच्या एका पट्ट्यावर, प्राप्त झालं. ताजं आहे, अजून वाफा येतायत, घ्या.

तर सुरुवात परीक्षेपासून. परीक्षेत रेग्युलेशनचा एक भाग असतो, तो पास होण्यापुरता पाठ करायचा आणि घरी येताना वाटेत कुठेतरी सोडून द्यायचा. हेल्मेटसारखं आहे ते. चौकात मामा दिसले की डोक्यावर, सिग्नल ओलांडला की कोपरात.

मोर्सबद्दल, त्या टिंब-रेघांच्या भाषेबद्दल, मी काही बोलणार नाही. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत त्याची सक्ती गेली, अमेरिकेने २००७ ला परीक्षेतून काढून टाकलं, आपल्याकडे लायसन्सच्या खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला लागत नाही आणि वरच्या जनरलला मिनिटाला आठ शब्द लागतात, त्या आठ शब्दांत मी स्वतः एकदा सपाटून आपटलोय. त्यामुळे "मोर्स गेलं आणि बँडवरची शिस्त गेली" म्हणणाऱ्या काकांच्या टोळीत मी नाही. म्हणजे रविवारपर्यंत नव्हतो.

लायसन्ससाठीच्या सरकारी पोर्टलबद्दलही काही बोलत नाही. भोगलंय त्यांना माहितीये.

ट्रेकला जाताना ऑनलाइन मागवलेला चायनीज हँडी, म्हणजे हातातला वायरलेस सेट, घ्या आणि ज्या मित्रांकडे लायसन्स नाही त्यांनाही एकेक द्या, गडावर शोभा येते.

आता मुख्य मुद्दा. पॉवर.

इंग्लंडने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या फुल लायसन्सवाल्यांची मर्यादा ४०० वॅटवरून १००० केली, त्या दिवसापासून आपल्याकडच्या ग्रुपवर एक वेगळंच चैतन्य आलंय. अमेरिकेत १५००! जपानमध्ये १०००! आणि आपल्याकडे जनरल ग्रेडला ४००? विश्वगुरू होणार कसे? रोज रात्री जेवण झालं की कोणीतरी हा विषय काढतो आणि साडेअकरापर्यंत मंत्रालयाला निवेदन कसं द्यायचं ते ठरतं, सकाळी सगळे विसरतात. इंग्लंडने हजार दिले ते हॅम जिथे प्रायमरी आहेत, म्हणजे जिथे पहिला हक्क त्यांचा आहे, त्या बँडवर दिले, आणि अँटेनाजवळ माणसांना किती रेडिएशन लागतं त्याचा हिशोब करायची जबाबदारी लायसन्सवाल्याच्याच गळ्यात आहे, हे असलं काही त्या चर्चेत आणायचं नाही, मूड जातो. अमेरिकेच्या नियमात दीड हजाराच्या आकड्याच्या आधीच्याच कलमात लिहिलंय की काम भागेल एवढ्या कमीत कमी पॉवरवर बोला. हेही सांगायचं नाही. आणि जपानमध्ये सगळ्यात खालच्या, चौथ्या वर्गाला एचएफवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, फक्त दहा वॅट मिळतात आणि त्यावर तिथले लोक सुखाने बोलत बसतात, हे तर अजिबातच नाही.

म्हणून तुम्ही कायदा बदलायची वाट बघू नका. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा मोडीत काढायला २०२३ साल उजाडलं, तुमची पॉवर वाढेपर्यंत तुम्हाला नातवंडं होतील. सरळ लिनिअर, म्हणजे पॉवर वाढवणारा अँप्लिफायर, घ्या. बाहेरून कोणाकडून तरी सुटे भाग करून मागवा, पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन जाडजूड वायर आणि मोठा प्लग आणा, गीझरचा पॉइंट शॅकमध्ये, म्हणजे आपल्या रेडिओच्या खोलीत, ओढून घ्या. लिनिअर चालू करून "हॅलो" म्हटलं की फ्लॅटमधले दिवे तुमच्या बोलण्याच्या तालावर मिचमिच करायला लागतात, ते दिसलं की समजायचं, आपण आता हॅम झालो.

गणित करू नका. केलं की त्रास होतो. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवरचं एक घर म्हणजे सहा डेसिबल, अर्थात सहा डीबी, आणि सहा डीबी म्हणजे चौपट पॉवर. म्हणजे शंभर वॅटचे चारशे केले की समोरच्याच्या मीटरचा काटा एक घर पुढे सरकतो, एकच. शंभराचे हजार केले तर दहा डीबी, पुरती दोन घरंसुद्धा नाहीत. एवढ्यासाठी लाख-सव्वा लाख घालवले हे बायकोला सांगता येतं का? नाही ना? मग गणित नको. तुमची फोर्टीची डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, गच्चीच्या कठड्यावर वाळत घातलेल्या धोतरासारखी लोळतेय, वीस मीटरची ती तार जरा ताणून उंच बांधली आणि कोअ‍ॅक्स केबलच्या सांध्यात शिरलेलं पावसाचं पाणी काढलं तर दोनशे रुपयांत तेवढाच फरक पडेल आणि वर ऐकूही जास्त येईल, पण त्यात मजा काय? वर चढावं लागतं, ऊन लागतं, गुडघे दुखतात.

आणि ऐकायचं कशाला! लिनिअरने आपला आवाज जातो, दुसऱ्याचा येत नाही, हीच तर त्याची खासियत आहे. समोरचा "कॉपी नाही, कॉपी नाही", म्हणजे नीट कळत नाही, म्हणत राहतो आणि तुम्ही त्याला तो जिथे बसलाय तिथलं हवामान विचारत राहता.

माईक गेन उजवीकडे शेवटपर्यंत. कॉम्प्रेसर चालू. एएलसीचा, म्हणजे आवाजाची पातळी आवरणाऱ्या सर्किटचा, काटा लाल पट्टीत गेला की बरं दिसतं, लाल रंग शुभ असतो. एसएसबीला, म्हणजे इथे बोलायची जी नेहमीची पद्धत तिला, साधारण तीन किलोहर्ट्झ जागा पुरते म्हणतात, ते गरीब लोकांसाठी. रविवारी माझ्या वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावर, जे ध्यान दिसलं ते बारा किलोहर्ट्झ पसरलं होतं, पीएमटीत तीन सीटवर पाय सोडून घोरणारा माणूस असतो ना, तसं. प्रत्येक शब्दाला दोन्ही बाजूंनी फवारे उडत होते. आणि शेवटी रॉजर बीप, बोलणं संपल्याची खूण. "पीप." वाक्य संपलं, पीप. श्वास घेतला, पीप.

आता रविवारचं सांगतोच, मघापासून दाबून ठेवलंय.

आमचं रविवार सकाळचं नेट आहे, म्हणजे हवेवर भरणारी बैठक, वीस-पंचवीस लोक चेक इन करतात, पुणे, सातारा, कोल्हापूर, कोकण. त्यात राजापूरकडचे एक काका येतात. पंचाहत्तरीच्या पुढचे, निवृत्त मास्तर, स्वतः बनवलेला पाच वॅटचा रिग, म्हणजे रेडिओ सेट, आणि तो ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर, कारण पावसाळ्यात तिकडे लाइटचं काही खरं नसतं. पाच वॅट. म्हणजे छोटा एलईडी बल्ब असतो ना, तेवढे. पण काकांनी डायपोल दोन माडांच्या मध्ये अशी बांधलीये की त्यांचा आवाज बारीक पण स्वच्छ येतो, गर्दीत एखादी बासरी ऐकू यावी तसा, फक्त बाकीच्यांनी गप्प बसायला लागतं. आणि बाकीचे बसतात. नेट चालवणारा, म्हणजे नेट कंट्रोल, नेहमी म्हणतो, काका बोलतायत, सगळे स्टँडबाय. वीस जण पीटीटीवरून, म्हणजे बोलायच्या बटणावरून, बोट काढून कान देऊन बसतात, हे मला या छंदात अजूनही सगळ्यात जास्त आवडतं.

तर रविवारी तिकडे दोन दिवस पाऊस ओतत होता. माझी बहीण आणि मेहुणे कोल्हापूरहून राजापूरला निघणार होते, अणुस्कुरा घाटाने. फोन लावून बघितला, लागेना. मी नेटवर काकांना विचारलं की घाटाचं काय. काकांनी सुरुवात केली, "वरच्या वळणाला पहाटे दरड आलीये, एका बाजूने गाड्या सोडतायत, पण मला आत्ताच कळलं की" आणि,

"हॅलो हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री, फ्रेंड्स माझा ऑडिओ कसा येतोय, कृपया रिपोर्ट द्यावा." पीप.

नेट कंट्रोलने सांगितलं, ओएम (हॅमच्या भाषेत मित्रा), नेट चालू आहे, थोडं थांबा. तो परत: "कॉपी नाही सर, तुमचा सिग्नल वीक आहे, पॉवर वाढवा, मी इकडे नवीन लिनिअर टेस्ट करतोय." पीप. पॉवर वाढवा! मग त्याने लिनिअरचं मॉडेल सांगितलं, कुठून आणलं ते सांगितलं, किंमत सांगितली. व्हीयू थ्री कॉलसाइन, म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेड, लायसन्स येऊन दोन महिने झालेले. त्याच्या ग्रेडला ४०० सुद्धा नाहीत हो, त्याहून कितीतरी कमी आहेत! आणि तो सबंध महाराष्ट्राला ओरडून सांगतोय की माझ्याकडे किलोवॅट आहे. चोरी करून चौकात स्पीकर लावून सांगावं तसं. आणि आमच्यातल्याच दोघांनी त्याला रिपोर्ट दिला, "फाइव्ह नाइन प्लस ट्वेंटी, वंडरफुल ऑडिओ सर!" त्यांना मी वेगळं भेटणार आहे.

सात मिनिटं. माझ्या लॉगमध्ये वेळ लिहिलेली आहे, ८:३४ ते ८:४१. तो थांबला तेव्हा काका गेले होते. बॅटरी उतरली असेल, नाहीतर कंटाळले असतील. काकांना "आत्ताच" काय कळलं होतं ते मला तासाभराने बहिणीकडून कळलं, दुसरी बाजूही बंद झाली होती आणि ती दोघं घाटाच्या तोंडाशी गाडीत बसून होती. काही झालं नाही, सुखरूप परत आली. पण ती तिथे गेलीच नसती.

बरं, पुढची सूचना, आरएफ, म्हणजे आपल्या रेडिओ लहरी. लिनिअर लावल्यावर शेजाऱ्यांच्या स्पीकरमधून आपला आवाज येतो, त्याची लाज बाळगू नका, ओळखी वाढतात. याच महाशयांच्या सोसायटीत संध्याकाळी आरती चालू असताना "घालीन लोटांगण"च्या मधेच स्पीकरमधून "सीक्यू सीक्यू", ही हॅमची कोणी आहे का अशी हाक, आलं म्हणे. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत आमच्या सेक्रेटरींकडे पोचला, आणि मंगळवारी आमच्या लिफ्टशेजारी पाटी: "गच्चीवर तारा, काठ्या व तत्सम उपकरणे लावलेली असल्यास आठ दिवसांत काढावीत. नंतर सोसायटी काढेल व खर्च वसूल करेल. वाद घालू नये." खाली दोन रेघा मारलेल्या. माझी तार अकरा वर्षं आहे त्या गच्चीवर. अकरा वर्षांत कोणाचा टीव्ही हलला नाही, कोणाची बेल वाजली नाही, तळमजल्यावरच्या आजी त्यावर पापड वाळत घालू का विचारायच्या एवढी ती घरची झाली होती. आता मी सेक्रेटरींना जाऊन लायसन्स दाखवणार आणि ते म्हणणार, त्याच्याकडेपण होतं की लायसन्स.

काय उत्तर आहे याला माझ्याकडे? काही नाही.

पुढच्या सूचना अजून चार-पाच लिहिल्या होत्या, कॉन्टेस्टमध्ये काय करावं वगैरे, खुसखुशीत होत्या. राहू देत. आता त्या लिहायचा मूड गेला.

अरे लिनिअरवाल्या बाबा, तू हे वाचणार आहेस, तुझ्या ग्रुपवर कोणीतरी टाकेलच. तुला वाटतं ४०० हा आकडा सरकारने तुझ्यावर जळून ठेवलाय. अंदमानातून हॅमला कित्येक वर्षं प्रसारणाची परवानगीच नव्हती, माहितीये का तुला? ती मिळवायला भारती प्रसाद नावाच्या हॅम मागे लागून लागून थकल्या नाहीत, २००४ मध्ये एकदाची मिळाली, डिसेंबरमध्ये त्यांची टीम पोर्ट ब्लेअरला स्टेशन लावून बसली होती आणि २६ तारखेला त्सुनामी आली. फोन गेले, आणि "आमची माणसं जिवंत आहेत का" हे निरोप त्या स्टेशनवरून गेले. परवानगी ही अशी मिळते, आणि अशा दिवशी लागते. तुझ्यासारखा एक जण पुरतो ती परत जायला. उद्या कोणी तक्रार केली की तुझा लिनिअर जप्त होऊन विषय संपेल असं वाटतं का तुला? फॉर्मवर अजून एक रकाना वाढेल, अजून एक सही लागेल, आणि बारा वर्षांचं एखादं पोरगं परीक्षा पास होऊन दोन वर्षं कॉलसाइनची वाट बघत बसेल. तुझ्यामुळे. तुला दिवे मिचकताना बघायचे होते म्हणून.

आणि वर म्हणतोस समोरच्याचा सिग्नल वीक आहे. वीक नाहीये तो. तुझ्या शॅकमध्ये तो स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, भणभणतोय, त्यात तुला काका ऐकू येत नाहीत. आम्हाला सगळ्यांना येत होते.

उद्या परत रविवार आहे. काका साडेआठला येतील, पाच वॅटवर. तूही ये, तुला कोणी अडवलेलं नाही. त्या डब्याची वायर भिंतीतून काढ आणि नुसत्या रिगवर ये. आधी दहा मिनिटं ऐक. मग फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते विचार, आणि विचारलंस की पीटीटीवरून बोट काढ, उत्तर येऊ दे.

आणि तो पीप बंद कर.