नाडी न बघता दिलेलं औषध: ‘लॅपटॉप स्लो झालाय?’ या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीनदा आला. आधी इमारतीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या मित्रांकडून, मग बहिणीकडून. ‘लॅपटॉप स्लो झालाय? दुकानदाराला पैसे देऊ नका, हे सहा उपाय घरी करा, लॅपटॉप नव्यासारखा पळेल.’ उपाय असे: एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होतानाची सेटिंग बदलायची खिडकी) जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवा. रॅम साफ करणारं अ‍ॅप टाका. टेम्प आणि प्रीफेच या फोल्डरांमधल्या सगळ्या फाइली उडवा. व्हर्च्युअल मेमरी बंद करा म्हणजे सगळं काम रॅममध्येच होईल. रोज रात्री शटडाउन करा. आणि एवढं करूनही फरक नाही पडला तर रॅम वाढवा, कारण स्लो म्हणजे रॅम कमी.

मी दादरला लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. दुकानात न येता घरीच करून बघा, याला माझी काहीच हरकत नाही. फोनवर पाच मिनिटं बोलून कित्येकांचं येणं मीच वाचवलंय. राग याचा आला की सहापैकी एकाही उपायाआधी लॅपटॉप नेमका कशाने अडलाय हे बघायला सांगितलेलं नाही. नाडी न बघता येईल त्याला तीच पुडी. आणि यातले दोन उपाय तर चालत्या लॅपटॉपलाही आडवं करू शकतात.

नाडी बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. लॅपटॉप रखडत असेल त्याच वेळी बघायचं, शांत असताना नाही. तिघांपैकी कोण माथ्याला टेकलंय ते बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आता एकेक उपाय घेतो.

‘एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या वाढवा.’ ही संख्या वाढवता येतच नाही. तिथल्या चौकटीतली खूण चाचणी करणाऱ्यांसाठी आहे, मुद्दाम कमी कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या कमी भागांवर, मशीन चालवून बघायला. खूण केलेली नसते तेव्हा विंडोज सगळे कोअर वापरतच असतं. म्हणजे सर्वांत मोठा आकडा निवडलात तर काहीच बदलत नाही, आणि चुकून लहान निवडलात तर आहे ते कमी होतं. त्याच खिडकीत शेजारी ‘मॅक्झिमम मेमरी’ची खूण आहे, ती त्याहून वाईट. एक गृहस्थ ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आले होते. आत आठ जीबी रॅम, पण टास्क मॅनेजरमध्ये ‘हार्डवेअर रिझर्व्ड’पुढे चार जीबीच्या वर आकडा. अर्धी रॅम विंडोजला दिसतच नव्हती. कुठल्याशा व्हिडिओवरून त्यांनी ही खूण केली होती. खूण काढली, रीस्टार्ट केला, काम झालं. त्यांचे मी पैसे घेतले नाहीत, पण तीन आठवडे त्यांनी त्या लॅपटॉपवर कसे काढले असतील याचं मला वाईट वाटलं.

‘रॅम साफ करणारं अ‍ॅप टाका.’ यावर जरा थांबतो, कारण हा समज सगळ्यांत घट्ट बसलाय. रॅम रिकामी असणं चांगलं, असं आपण धरून चालतो. पण रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा असं समजा. ओट्यावर मिसळणाचा डबा, तेलाची बरणी, पीठ हाताशी असेल तर स्वयंपाक भराभर होतो. विंडोजही तेच करतं. तुम्ही परत उघडण्याची शक्यता आहे ते रॅममध्ये हाताशी ठेवतं. टास्क मॅनेजर त्याला ‘कॅश्ड’ म्हणतो, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला जागा लागली की विंडोज ती लगेच मोकळी करून देतं. म्हणून ‘फ्री’चा आकडा बघायचा नसतो, ‘अव्हेलेबल’चा बघायचा. साफ करणारं अ‍ॅप काय करतं? चालू प्रोग्रॅमचं रॅममधलं सामान जबरदस्तीने त्यांच्या हातून काढून घेतं. वापराचा आकडा झटकन खाली येतो, माणूस खूश होतो. पण तुम्ही त्या खिडकीवर परत गेलात की तेच सगळं पुन्हा मागवावं लागतं, आणि जे माळ्यावर गेलंय त्यासाठी स्टूल लावून चढावं लागतं. फोडणी करपते ती तेव्हा. वर ते अ‍ॅप स्वतः दिवसभर ओट्यावर बसून असतं ते वेगळंच.

रॅम खरोखर मोकळी करायची असेल तर तिला कोण धरून बसलंय ते बघा. टास्क मॅनेजरच्या ‘प्रोसेसेस’मध्ये ‘मेमरी’ या शीर्षकावर टिचकी मारली की सगळ्यांत खादाड वर येतो. बहुतेक वेळा तो ब्राउझर असतो, वीसेक टॅब उघडे ठेवलेला. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्स’ ही सोय आहे, ती चालू करा. आणि ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मधून रोज सकाळी आपोआप उठणारी, तुम्ही महिन्यातून एकदा वापरता ती अ‍ॅप बंद करा.

टेम्पमधल्या फाइली काढायला हरकत नाही. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर फरकही पडतो. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ इथून काढा, फक्त त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, त्यावर खूण करू नका, मुलांचे फॉर्म आणि हॉलतिकीट तिथेच पडलेले असतात. प्रीफेचला मात्र हात लावू नका. ते २००१च्या विंडोज एक्सपीपासून आहे. कुठला प्रोग्रॅम सुरू होताना कोणत्या फाइली लागतात याच्या त्या छोट्या टिपणवह्या आहेत. जुन्या वह्या विंडोज स्वतःच टाकून देतं. तुम्ही त्या उडवल्यात तर पुढच्या वेळी प्रोग्रॅम उलट हळू उघडतो.

‘व्हर्च्युअल मेमरी बंद करा.’ कृपा करून हे करू नका. ओटा लहान आहे म्हणून माळाच पाडून टाकायचा, असा हा सल्ला आहे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’ म्हणून दोन आकडे दिसतात, मध्ये तिरकी रेघ. पहिला आकडा प्रोग्रॅमांनी मागून ठेवलेल्या मेमरीचा, दुसरा विंडोज जास्तीत जास्त किती देऊ शकेल त्याचा. हा दुसरा आकडा म्हणजे रॅम अधिक डिस्कवरची पेजफाइल, म्हणजे मेसेज जी बंद करायला सांगतो ती जागा. पेजफाइल काढलीत की तो आकडा रॅमएवढाच उरतो, आणि रॅममध्ये जागा दिसत असतानाही प्रोग्रॅम ‘मेमरी अपुरी’ म्हणत बंद पडतात. न वाचवलेला प्रोजेक्ट त्यात जातो. ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ची खूण तशीच राहू द्या.

शटडाउनचं म्हणाल तर हेतू चांगला आहे, बटण चुकलंय. २०१२ साली विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणून कालची अडगळ आजही तिथेच. सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ बघा. रोज इमानाने शटडाउन करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर मी तिथे चाळीस दिवसांचा आकडा पाहिलाय, आणि माणूस शपथेवर सांगत असतो की काल रात्रीच बंद केला होता. तो खोटं बोलत नसतो. ‘रीस्टार्ट’ केलं की मात्र खरोखर नवी सुरुवात होते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट पुरे.

आता शेवटचा आणि खिशाला सगळ्यांत महाग पडणारा दावा: स्लो म्हणजे रॅम कमी.

काही वेळा ते खरं असतं. चार जीबीवर विंडोज ११ सुरू होतं, कारण किमान अटच तेवढी आहे. पण त्यावर ऑनलाइन वर्ग, ब्राउझर आणि वर्ड एकत्र उघडलं की श्वास कोंडतो. काम करताना मेमरी सतत नव्वद टक्क्यांवर असेल आणि ‘कमिटेड’चा पहिला आकडा तुमच्या रॅमच्या बराच वर असेल, तर रॅम वाढवा. पण आधी त्याच पानावर ‘स्लॉट्स युज्ड’ बघा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, वाढवताच येत नाही. रॅमच्याही पिढ्या असतात, डीडीआर४च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. एवढं कागदावर लिहून घेतल्याशिवाय लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊ नका.

पण कितीतरी जुन्या लॅपटॉपमध्ये मेमरी साठ टक्क्यांवर असते आणि डिस्कचा आलेख शंभरावर चिकटलेला असतो. आत मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी हार्ड डिस्क असते. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना ती सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचनं करू शकते. साधी साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली चिपवरची डिस्क, हजारोंनी करते. तिथे रॅम घालणं म्हणजे पैसे वाया. एसएसडी टाका, तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. मात्र डिस्क आवाज करत असेल किंवा फाइल उघडताना अडखळत असेल तर सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या.

उष्णतेबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही, आणि आपण मुंबईत राहतो. दहा-बाय-बाराच्या खोलीत फोडणीचा तेलकट धूर आणि धूळ मिळून फॅनच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. मी तो चिमट्याने अखंड उचलून काढलाय. मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवा बंद. प्रोसेसर शंभर अंशांजवळ पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सुरुवातीला ठीक आणि दहा-पंधरा मिनिटांनी जड, फॅन ओरडतोय, असं होत असेल तर आतली साफसफाई करा, प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारी थर्मल पेस्ट बदला.

आणि कधी कधी कारण यातलं कुठलंच नसतं. जूनमध्ये भांडुपहून एक मुलगी आईबरोबर आली. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आठवड्यावर आलेला. ‘काका, रॅम टाकली तरी तसाच आहे.’ आईने बिशीच्या पैशातून आठ जीबीची पट्टी घेऊन दिली होती. मी टास्क मॅनेजर उघडला. मेमरी तीस टक्के, एसएसडी निवांत, सीपीयू शंभर टक्के. त्याखाली वेग लिहिलेला: ०.३९ गिगाहर्ट्झ. काम नसताना वेग खाली असतो, ते ठीक. पण शंभर टक्के कामावर असताना एवढा कमी वेग म्हणजे कोणीतरी प्रोसेसरचा गळा धरलाय. हात लावून बघितलं तर लॅपटॉप गारच, म्हणजे उष्णता नाही. मी चार्जर काढला. बघता बघता आकडा तीनच्या पुढे गेला.

‘अगं, चार्जर मूळचाच आहे का?’

‘नाही, तो पावसात भिजला. हा स्टेशनबाहेरून घेतला.’

काही लॅपटॉप चार्जरच्या मधल्या बारीक पिनेतून तो किती वॅटचा आहे हे विचारतात. उत्तर मिळालं नाही की वीज पुरणार नाही असं धरून प्रोसेसरला तळाच्या वेगावर बांधून ठेवतात. मी दुकानातला योग्य चार्जर लावून दाखवला. वेग तिथेच राहिला, वर. आई पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. ‘मग ती रॅम, दादा?’ बिल झालं होतं, दुकान परत घेणार नव्हतं. मी म्हटलं, राहू दे आत, प्रोजेक्टला उपयोगी पडेल.