कचरा तिकडे असतो

मुंबईत स्वच्छ राहायचं असेल तर झाडू, बादली, फिनेल यांच्या नादी लागू नका. एक शब्द पाठ करा: तिकडे. कचरा इथे नसतो, तिकडे असतो. हे एकदा मनावर ठसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

सुरुवात घरगल्लीपासून करू. गिरगाव, लालबाग, भुलेश्वर अशा भागात तुमचं बालपण गेलं असेल तर हा विषय तुम्हाला शिकवायला नको. दोन इमारतींमधली ती चिंचोळी फट मुळात सांडपाण्याच्या पाइपांसाठी आणि सफाई कामगाराला आत शिरता यावं म्हणून सोडलेली. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रजांना या शहरात हवा खेळवायची हौस आली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दाटीवाटीची घरं पाडली, समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. वाऱ्याचं त्यांनी पाहिलं. वाऱ्यावर काय सोडायचं, ते आपण ठरवलं.

आता तंत्र. पिशवीला गाठ मारलीच पाहिजे. गाठ नसलेली पिशवी तिसऱ्या मजल्यापर्यंत नीट येते, तिथे उलगडते आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गाउनवर कालची आमटी उतरते. काकू मग रात्री अकरापर्यंत वर बघून बोलत राहतात. वेळ दुपारी तीनची उत्तम. रात्री टाकणार असाल तर आधी स्वयंपाकघरातला दिवा घालवा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पिशवीत नावाचा कागद नको. आमच्या जुन्या इमारतीत एक गृहस्थ कुरिअरच्या पाकिटामुळे सापडले. सभेत पाकीट टेबलावर ठेवलं, नाव मोठ्यानं वाचलं. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "उंदरांनी नेलं असणार." सभेला ते पटलं, कारण उंदीर सगळ्यांनीच पाहिले होते.

उंदरांवरून आठवलं. पालिकेकडे रात्रपाळीचे मूषक संहारक असतात. काठी आणि टॉर्च घेऊन गल्ल्यांतून फिरायचं आणि एका रात्रीत ३० उंदीर मारून दाखवायचे, असा त्यांच्या कामाचा हिशोब. सकाळी मेलेले उंदीर मोजून द्यावे लागतात. तुम्ही घरगल्लीत पोळीचा तुकडा टाकलाच नाहीत तर त्या बिचाऱ्यांचा आकडा भरायचा कसा? एवढा विचार शेजारधर्म म्हणून करावाच.

तुमची चाळ जाऊन टॉवर झाला असेल तर अभिनंदन. आता घरगल्ली नाही, पोडियम आहे, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरची मोकळी गच्ची. शिवाय बिल्डरनं तळघरात ओल्या कचऱ्याचं खत करणारं यंत्र दिलेलं असेल. ओसी, म्हणजे इमारतीत राहायला जायचा पालिकेचा दाखला, मिळेपर्यंत ते चालू ठेवावं. नंतर विजेचं बिल जास्त येतं, वास येतो आणि झाकणावर गणपतीच्या मखराचे थर्माकोल ठेवायला सोयीचं पडतं, हे लक्षात आल्यावर आपोआप बंद पडतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा होता होईल तो आपल्याच आवारात जिरवायचा होता. पालिकेनं त्यासाठी मोठ्या सोसायट्यांना २ ऑक्टोबर २०१७ ची मुदत दिली होती आणि मग मुदतवाढही दिली. तुमच्या सोसायटीचा कचरा किती, असं कोणी विचारलं तर "नव्वद-पंच्याण्णव" म्हणावं. काटा कोणाकडेच नसतो.

घरात मात्र दोन डबे जरूर ठेवा, ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा. पाहुण्यांना दाखवायला छान दिसतात. कोणी वेगळं करायचा आग्रह धरलाच तर एक वाक्य तयार ठेवा: "शेवटी गाडीत सगळं एकत्रच करतात!" या वाक्यानं भलेभले गप्प बसतात. ते खरं असायची अट नाही. कधीकधी खरंही असतं, तो आपला नशिबाचा भाग.

दारावर कचरा न्यायला येतात त्या मावशींशी गोड बोला. दिवाळीला २०० रुपये आणि जुनी साडी द्या. त्या खाली पार्किंगच्या कोपऱ्यात बसून आपला हिरवा-निळा एकत्र झालेला संसार हातांनी निवडतात. दाढीचं ब्लेड, फुटलेला ग्लास, बाळाचे डायपर, सगळं त्या निवडतातच, तेव्हा आपण कागदात गुंडाळून वर "काच" लिहिण्याची भानगड कशाला करायची? शिवाय मावशींना वाचता येतं की नाही, हे आपण बारा वर्षांत विचारलेलं नाही. आता विचारणं बरं दिसणार नाही.

शहरात काही बिघडलेली माणसं आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९६ च्या सुमारास आपल्या गल्लीचा कचरा आपणच वेगळा करून तिथेच जिरवायला घेतला. पालिकेला ते इतकं आवडलं की त्यातून शहरभर एएलएमची, म्हणजे रहिवाशांनीच आपल्या गल्लीची स्वच्छता सांभाळायची, योजना निघाली. १९९८ पासून स्त्री मुक्ती संघटनेनं परिसर विकास नावाच्या कामातून कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित केलं, खत करण्याचं प्रशिक्षण दिलं, ओळखपत्रं दिली. अशी एखादी बाई उद्या तुमच्याच सोसायटीत येऊन खताच्या खड्ड्यात ओलावा किती हवा, हे तुम्हाला समजावेल. ऐकून घ्यावं, चहा पाजावा आणि खड्ड्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत ठेवावा. ती सभा कोरमअभावी तहकूब होते.

लोकसहभाग दाखवायची हौस असेल तर २ ऑक्टोबर आहेच. नवे हातमोजे, पांढरा टी-शर्ट, तीन माणसांत एक झाडू. सुकी पानं आदल्या रात्री वॉचमनकडून पसरून घ्यावीत. ओलं काही नको, फोटोत चिकटतं.

आता तुम्ही विचाराल, हे तिकडे म्हणजे नक्की कुठे? फार खोलात जाऊ नका, पण सांगतो. शहर रोज सहा-सात हजार टन कचरा करतं. त्यातला फार मोठा भाग आता कांजूरमार्गला जातो. मुलुंडचं डम्पिंग २०१८ मध्ये बंद झालं. देवनारचं १९२७ पासून आहे. तिथे जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि पालिकेच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. धूर चेंबूर-गोवंडीवर होता, दादरला आपण खिडक्या लावून बातम्या पाहिल्या. पुढची गंमत अशी की त्याच देवनारच्या १२४ एकरांवर धारावीतल्या लोकांना घरं द्यायचं सरकारनं ठरवलं. त्यासाठी आधी तिथला सुमारे १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा हलवायला हवा. शंभर वर्षं आपण ज्याला तिकडे म्हणत आलो, तो आता कोणाचा तरी घरपत्ता होणार. कचरा हलवून कुठे नेणार, हे विचारू नका. उत्तर तुम्हाला पाठ आहे.

उरलंसुरलं नाल्यात जातं. दर मे महिन्यात नालेसफाईचे टक्के जाहीर होतात आणि जूनमध्ये पाऊस ते तपासायला येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्यांचंही नाव निघालं. पिशव्या कोणाच्या, ते निघालं नाही, कारण आत कुरिअरचं पाकीट नव्हतं.

एक अडचण मात्र आहे. समुद्र पोटात काही ठेवत नाही, असं कोळी लोक म्हणतात. पावसाळ्यात मोठी भरती आली की तो मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून चपला, बाटल्या, थर्माकोल, गाठ मारलेल्या पिशव्या सगळं परत रस्त्यावर आणून टाकतो. पालिकेचे कामगार गमबूट घालून ते ट्रकमध्ये भरत असतात. त्या दिवशी सकाळी फिरायला जाऊ नका. तिकडे फार घाण असते.