बसमधला मायक्रोफोन: चार दावे आणि त्यांची उत्तरं

सार्वजनिक वाहनांत प्रवाशांचा आवाज टिपण्याला विरोध झाला की हमखास एक मजकूर फिरू लागतो. ‘बस सार्वजनिक जागा आहे, तिथे कसला खासगीपणा? कॅमेरे चालतात, मग आवाजाने काय बिघडतं? रेकॉर्डिंग गुन्हा घडला तरच ऐकतात. आणि गाडीत सूचना लावलेली असते, पटत नसेल त्याने बसू नये.’ यामागे सुरक्षेची खरी काळजी आहे, म्हणूनच नीट उत्तर द्यायला हवं.

बसमध्ये शेजाऱ्याला आपलं बोलणं ऐकू जातं, हे कोणाला ठाऊक नसतं? म्हणून तर आपण आवाज खाली आणतो, जवळ कोण बसलंय ते बघतो. शेजारी अर्धवट ऐकतो, आपल्या थांब्यावर उतरतो, विसरून जातो. छतातल्या मायक्रोफोनपासून मात्र सरकून बसता येत नाही आणि तो काहीच विसरत नाही.

कॅमेऱ्याचा दावा मला सर्वांत फसवा वाटतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९६७ साली कॅट्झ खटला आला. काचेच्या टेलिफोन बूथमधला माणूस बाहेरून सगळ्यांना दिसत होता, पण त्याचं बोलणं एफबीआयने बूथबाहेर यंत्र लावून ऐकलं होतं. न्यायालय म्हणालं, बूथचं दार लावणाऱ्याला बाहेर ठेवायचे असतात ते कान, नजर नव्हे. बसला असं दार नाही, हे मान्य. तरी दिसणं वेगळं आणि ऐकू जाणं वेगळं, हे बसमध्येही खरंच आहे. कॅमेरा सांगतो की तुम्ही गाडीत होता. आवाज सांगतो तुमचं आजारपण, कर्ज, घरातलं भांडण, कामगार संघटनेची बैठक कुठे आहे ते. शिवाय फोनच्या पलीकडचा माणूस तर बसमध्ये नसतोच. त्याचंही बोलणं स्पीकरवरून टिपलं जाऊ शकतं.

‘ऐकतंय कोण?’ हा प्रश्न कॅसेटच्या काळात ठीक होता. आज यंत्र बोलण्याचं लिखित रूप करतं आणि हवा तो शब्द त्यात शोधता येतो. तासन्‌तास ऐकत बसायला माणूस लागत नाही. जे साठवलंय ते उद्या दुसऱ्याच कारणासाठी मागितलं जाऊ शकतं, चोरीलाही जाऊ शकतं.

सूचनेचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २०१२ साली दहा बसगाड्यांत आवाज टिपायला सुरुवात झाली तेव्हा गाडीत सूचना होत्याच. पण ज्याच्याकडे दुसरं वाहन नाही, त्याच्या बसण्याला संमती कसं म्हणायचं? आणि चालकाचं काय? त्याची तर अख्खी पाळी रेकॉर्ड होते.

मग सुरक्षेचं काय करायचं? ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या नगरपालिकेने २००९ मध्ये टॅक्सींत चित्रासोबत आवाजाचंही सतत मुद्रण सक्तीचं केलं. लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या माहिती आयुक्तांनी २०१२ मध्ये आवाज टिपणं थांबवण्याची नोटीस दिली. नगरपालिका लवादाकडे गेली आणि २०१३ मध्ये हरली. अशा मुद्रणाचा सुरक्षेला उपयोग होऊ शकतो, हे लवादाने नाकारलं नाही. मात्र त्यासाठी प्रत्येक प्रवाशाचं सगळं बोलणं टिपणं त्याला प्रमाणाबाहेर वाटलं. धोका जाणवताच चालकाने किंवा प्रवाशाने दाबायचं बटण आणि तेवढ्यापुरतंच सुरू होणारं आवाजमुद्रण, ही सोय तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. सरसकट मायक्रोफोन लावू पाहणाऱ्यांनी आधी हे बटण का पुरत नाही ते सांगावं.