रायन मानिया आणि दहा स्टोनची रेघ

स्कॉटिश जॉकी रायन मानियाचं नाव निघालं की सगळे त्याने ग्रँड नॅशनल ही ब्रिटनमधली अडथळ्यांची मोठी शर्यत जिंकली तो एकच दिवस आठवतात. ६ एप्रिल २०१३, लिव्हरपूलजवळचं एन्ट्री (Aintree) मैदान, घोडा ऑरोराज एन्कोर, सट्टेबाजीत भाव ६६ ला १. मला त्याच्या कारकिर्दीतला नोव्हेंबर २०१४ जास्त महत्त्वाचा वाटतो. वजनाशी झगडून थकलेल्या गॅलाशील्सच्या या पोराने तेव्हा, ऐन पंचविशीत, घोड्यावरून उतरायचं ठरवलं. नॅशनल जिंकून वाया गेला, असं म्हणणाऱ्यांनी आधी वजनाचा हिशेब मांडून बघावा.

आपण महालक्ष्मीला किंवा पुण्याला बघतो ती सपाट शर्यत. ब्रिटनमधल्या जंप, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या घ्यायच्या शर्यतीत त्या काळी घोड्यावरचं किमान वजन १० स्टोन होतं, म्हणजे ६३.५ किलो. हे नुसत्या जॉकीचं वजन नाही. खोगीर, रिकिबी, कपडे, बूट सगळं त्यात येतं. हेल्मेट आणि चाबूक वगळतात. ऑरोराज एन्कोरवर १० स्टोन ३ पौंड होते, पासष्ट किलोंना किंचित कमी. उंच, रुंद हाडापेराच्या माणसाने हे वजन वर्षभर टिकवायचं, कारण जंपचा हंगाम जवळजवळ थांबतच नाही.

शेवटचे एक-दोन किलो चरबीचे नसतात, पाण्याचे असतात. कढत पाण्याच्या टबात बसायचं, अंगावर कपडे चढवून पळायचं, प्यायचं जवळपास काहीच नाही. पासष्ट किलोंच्या शरीरातून दीड किलो पाणी गेलं की डोकं मंदावतं. आणि काम कसलं? अडथळ्याच्या तीन-चार ढांगा आधी अंतर ओळखायचं, घोड्याला लांब उडी घेऊ द्यायची की एक आखूड ढांग टाकायला लावायची ते ठरवायचं. घोडा उतरताना अडखळला तर लगाम बोटांतून सोडत मागे रेलायचं. क्षणभर उशीर झाला, वजन पुढे राहिलं, की जॉकी मानेवरून खाली. २०१३ च्या नॅशनलमध्ये असे ३० अडथळे होते, भोवती ३९ घोडे, अंतर सात किलोमीटर.

मग जड झालेला जॉकी नाही का म्हणत नाही? कारण बहुतेकांना पैसे स्वारीमागे मिळतात. शिकाऊ जॉकीच्या घोड्याला वजनात २० विजयांपर्यंत ७ पौंडांची सूट, ४० पर्यंत ५, ७५ पर्यंत ३. सूट संपली की ट्रेनर पुढच्या नव्या पोराकडे वळतो आणि कित्येकांची गाडी तिथेच अडते. त्यात ‘मला दहा स्टोन जमत नाही’ म्हटलं की ज्यांच्यावर कमी वजन ठरलेलं असतं ते घोडेही गेले. स्कॉटलंडमध्ये जंपची मैदानं चारच: एअर, केल्सो, पर्थ, मसलबरा. म्हणून पहाटे गाडी काढून उत्तर इंग्लंडमधली कार्लाइल, हेक्सम, वेदरबी ही मैदानं गाठायची, तेही उपाशीपोटी. पीटर निव्हनने याच वाटेने १००० विजय गाठले, असा पहिला स्कॉटिश जंप जॉकी. माझ्या लेखी तो आकडा नॅशनलइतकाच मोठा.

मानिया नॅशनलच्या दुसऱ्याच दिवशी हेक्समला पडला, हेलिकॉप्टरने इस्पितळात नेला. विजेत्यालाही रविवारची सुट्टी नव्हती!

२०१९ मध्ये तो परत आला. त्याच्या पाच वर्षं आधी थांबला म्हणून परतण्याजोगं शरीर उरलं, असं मी ठामपणे म्हणेन. दरम्यान नियमही हलले. कोविडमध्ये बंद केलेले मैदानांवरचे सॉना, म्हणजे घाम काढून वजन उतरवायच्या गरम खोल्या, २०२१ मध्ये कायमचे काढले, पुढे किमान वजनही थोडं वाढलं. पण मैदानावरचा सॉना गेला तरी घरातला टब जागेवरच आहे. किमान वजन अजून किमान दोन किलोंनी वाढवा. पाचशे किलोंच्या घोड्याला ते जड नाही, आणि त्या दोन किलोंत जॉकीचं सकाळचं जेवण आणि लिटरभर पाणी बसतं.