दूध सोडून बाकी सर्व

चिरंजिवांच्या कोपरांवरचे पुरळ आणि वरचेवर होणारी पोटदुखी यांमागे कदाचित दूध असेल, अशी शंका बालरोगतज्ज्ञांनी व्यक्त केली आणि दोन ते चार आठवडे दूध व दुधाचे सर्व पदार्थ बंद ठेवून, नंतर एकेक सुरू करून पाहावे, असे सांगितले. त्यांना हा उपाय सोपा वाटत होता, कारण ते आमच्या घरी राहत नाहीत.

पहिला तंटा ताकावरून झाला. "दूध बंद सांगितलंय ना? मग ताकाने काय घोडं मारलंय?" हा आईचा सवाल बिनतोड होता. दुधातली साखर पचत नसती तर दह्याताकाला थोडीफार सवलत मिळाली असती. पण येथे संशय दुधातल्या प्रथिनांवर होता आणि ती विरजून किंवा घुसळून नाहीशी होत नाहीत, हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. त्यावर आईने शेळीचे दूध सुचवले. त्यातली प्रथिने गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी फार मिळतीजुळती असतात, असे म्हणताच तिने म्हशीचे नाव काढले, आणि तीही फेटाळल्यावर, "तुम्हाला कोणतंच जनावर चालत नाही," असा निकाल देऊन ती देवघरात गेली.

दुकानातली तऱ्हा निराळी. पाकिटावर दूध, गहू, शेंगदाणे, सोयाबीन वगैरेंचा उल्लेख करण्याचा नियम आहे. मात्र तो मजकूर मुंगीने वाचावा अशा अक्षरांत असतो. बिस्किटांत दुधाची भुकटी असणार हे ठाऊक होते, पण बटाट्याच्या मसालेदार वेफर्समध्येही ती सापडली, तेव्हा चिरंजिवांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर सहसा वसुली अधिकाऱ्यांच्या वाट्याला येते.

कॅल्शियमची भरपाई आवश्यक होती. नाचणीत ते शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्यामुळे भाकरी, आंबील, लाडू अशा सर्व रूपांत नाचणी अवतरली आणि आमचे घर तपकिरी झाले.

त्यातच शेजारी सत्यनारायण आला. पंचामृताच्या पाच घटकांपैकी तीन दुधातूनच आलेले, आणि प्रसादाच्या शिऱ्यात दूध व तूप दोन्ही! पण प्रसादाला नाही म्हणायचे नसते, या एका वाक्यापुढे वैद्यकशास्त्र हतबल आहे. आहाराच्या नोंदवहीत त्या दिवशी आईच्या अक्षरात एवढेच होते : "वरण-भात, भाकरी, प्रसाद (नावाला)."

वही वाचून डॉक्टरांनी प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितला आणि पुढच्या भेटीला आजीलाही आणा, असे फर्मावले. आई आली, सगळे शांतपणे ऐकून घेतले, वर्ज्य पदार्थांची यादी दोनदा वाचली आणि विचारले, "खरवस चालेल ना? यात लिहिलेला दिसत नाही."

डॉक्टरांनी यादी परत मागून घेतली.